अकरावं मिनिट

तू विचारलंस, काय बघू.

काय बघू नकोस ते आधी सांगते.
ज्यात पहिल्याच मिनिटाला ड्रोन माडांच्या शेंड्यांवरून जातो
आणि तुपात घोळलेला आवाज म्हणतो 'निसर्गाचं वरदान',
ते सोड.
एर्मेलिंदा बाईंनी सुचवलं होतं तसलं एकदा.
त्या दिवसापासून आम्हा सहाजणांच्या चहाचे पैसे
त्याच देतात.

साखळीचा बाजार उठला की
छत्री दुरुस्तीच्या दुकानावरची माडी आमची.
रझाक बेपारी खिळ्यांना चादर अडकवतो.
तिच्या काठाला निळी फुलं आहेत.
ध्रुवावरचा बर्फ, पेरूमधली खाण,
बंद गिरणीच्या फाटकाशी बसून राहिलेली माणसं,
सगळं त्या फुलांपर्यंत येतं
आणि थांबतं.

आमच्यात खात्रीची शिफारस कुष्टा माजीकची,
आणि त्याला दिसत नाही.
बत्तीस वर्षं आमोण्याच्या धक्क्यावरून
बार्जने खनिज नेलं त्यानं.
आधी खाण थांबली,
मग साखरेनं डोळे नेले.
निवेदक बोलू लागला की हा मान वळवतो:
'पाण्यात कधी उभा राहिलेला नाही हा.'
बार्जवरचाच एक माहितीपट रझाकने कौतुकानं आणला,
तर शेवटपर्यंत गप्प.
मग म्हणाला, 'इंजिन मागाहून चिकटवलंय.
भलत्याच बोटीचं.'
आणि जिना उतरताना, भिंत चाचपत,
'बरं होतं पण इंजिन.
वेळच्या वेळी तेल घालत असणार त्याला.'

तर त्यानं सुचवलेला हा, चोपन्न मिनिटांचा.
खाजन शेताच्या बांधात लाकडी दार असतं,
मानस म्हणतात त्याला;
ते राखणारा एक म्हातारा.
भरती येते, ओहोटी जाते,
तो फळ्या घालतो, फळ्या काढतो.
बस्स.

रझाक म्हणाला, काहीच घडत नाही ह्यात.
एर्मेलिंदा बाई म्हणाल्या, घडतं कसं नाही,
बिडी पळय त्याची:
आधी निम्मी, मग अख्खी, मग परत निम्मी.
म्हणजे त्याच फळ्या त्याला पुन्हा उचलायला लावल्या,
त्या वयात,
आणि आपण इथे भजी खात खरेपणाबद्दल बोलतोय.
मग तासभर तेच.
सांगून केलेलं खरं असतं का.
कॅमेरा समोर असताना माणूस एकटा असतो का.
मी म्हणाले, माझी आई तर
फोटो काढताना भाकरीसुद्धा वेगळी थापायची.
ह्यावर कुणी काहीच बोललं नाही.

कुष्टा म्हणाला, 'अकरावं मिनिट लाव.'

लावलं.
शेवटची फळी उचलण्याआधी म्हातारा श्वास धरतो.
चिखलात कुठेतरी एक खेकडा खुडखुडतो.
मग पाणी.
त्या वेळी आम्ही पाचहीजण
खालची अक्षरं वाचत होतो.

'बिडी सांगून पेटवता येते,'
कुष्टा म्हणाला, 'हे नाही.'
तीनदा ऐकलं.
चौथ्यांदा त्यानं विचारलं,
दिसतं कसं ते?
रझाकला पाणी काळं दिसलं होतं, बाईंना तांबूस,
मला तर हातच आठवत होते, पाणी नाहीच.
पाच जणांनी पाच नद्या सांगितल्या.
तो हसला, म्हणाला,
'मग मीच नीट पाहिलं म्हणायचं.'

बघ तो. रात्री बघ, पंखा बंद करून.
अकराव्या मिनिटाला डोळे मीट,
नंतर वाटलं तर पुन्हा उघड्या डोळ्यांनी.
आणि कळव.
नाही आवडला तर तसं, भांडायचं असेल तर
बाजाराच्या दिवशी ये, चहा आहे.
फक्त नुसतं 'छान' म्हणून कळवू नकोस.
तुझं पत्र मला त्याला वाचून दाखवावं लागतं,
आणि तो विचारतो,
छान म्हणजे कसला आवाज?